चौदा विरुद्ध पंचवीस : एका सिनेटरच्या पराभवांचा हिशेब

आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाला सरकारचे विधेयक फार तर ९० दिवस रोखता येते. त्याच सभागृहात मेरी रॉबिन्सन यांनी वीस वर्षे जे मांडले, ते देशाने किती काळ रोखले? मतांऐवजी वर्षे मोजली, तर एका सिनेटरच्या कामाचे चित्र पार बदलते.

१४ विरुद्ध २५.

जुलै १९७१. डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमध्ये, आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात झालेल्या मतविभागणीचा हा निकाल. हरणाऱ्या बाजूच्या म्होरक्या होत्या २७ वर्षांच्या सिनेटर मेरी रॉबिन्सन. त्यांचे अशासकीय विधेयक गर्भनिरोधक साधनांच्या विक्रीवर आणि आयातीवर १९३५ पासून असलेली बंदी सैल करू पाहत होते. जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या आणखी दोन सिनेटरांच्या त्यावर सह्या होत्या.

मतदान विधेयक मंजूर करायचे की नाही यावर नव्हते. ते छापायचे की नाही यावर होते. पहिले वाचन म्हणजे एरवी निव्वळ उपचार. विधेयकाचे नाव पुकारले जाते, कुणी हरकत घेत नाही, मसुदा छापून सदस्यांच्या हाती पडतो आणि खरी चर्चा पुढच्या टप्प्यावर होते. इथे २५ जणांनी तो उपचारही नाकारला. मसुदा छापलाच गेला नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्याचीही सोय उरली नाही.

मतांच्या हिशेबात हा सपशेल पराभव. पण सिनेटरचे काम मतांनी मोजायचे, तर आयर्लंडच्या जवळपास प्रत्येक अपक्ष सिनेटरच्या नावापुढे शून्यच मांडावे लागेल. म्हणून या लेखात मोजपट्टी बदलली आहे. एखादी गोष्ट सभागृहात पहिल्यांदा मांडली गेली ते वर्ष आणि ती कायद्यात उतरली ते वर्ष, यांच्यामधले अंतर मोजायचे. मते सोडून विलंब मोजायचा.

साठ जण, नव्वद दिवस

आधी सभागृहाची रचना पाहू. आयर्लंडच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह म्हणजे डॉल आणि वरिष्ठ सभागृह म्हणजे शॅनड, अर्थात सिनेट. १९३७ च्या राज्यघटनेनुसार सिनेटमध्ये ६० सदस्य असतात.

- ४३ सदस्य पाच व्यावसायिक गटांतून येतात : शेती ११, कामगार ११, उद्योग आणि व्यापार ९, प्रशासन ७, संस्कृती आणि शिक्षण ५.
- ११ सदस्यांना पंतप्रधान नेमतात.
- ६ सदस्यांना पदवीधर निवडतात : रॉबिन्सन यांच्या काळात तीन जागा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या, तीन ट्रिनिटी कॉलेजच्या.

कागदावर ४३ जागा शेतकरी, कामगार आणि व्यापाऱ्यांच्या आहेत. पण या जागांचे मतदार म्हणजे स्थानिक संस्थांमधले ९४९ लोकप्रतिनिधी, डॉलचे सदस्य आणि मावळते सिनेटर. सगळे मिळून बाराशेही भरत नाहीत. हे मतदार पक्षांचे, त्यामुळे निवडून येणारेही बहुतेक पक्षांचेच. वर पंतप्रधानांच्या मर्जीचे ११ जण, म्हणजे सरकारचे बहुमत सहसा ठरलेले. पक्षादेशाच्या बाहेर राहण्याची खरी मुभा उरते ती विद्यापीठांच्या सहा जागांना. १९७१ च्या त्या विधेयकावर सह्या करणारे तिघेही याच सहांपैकी होते.

अधिकारही बेताचेच. सिनेट साधे विधेयक ९० दिवस अडवू शकते आणि अर्थविधेयक २१ दिवस. त्यानंतर डॉलला आपले म्हणणे पुढे रेटता येते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या, २२ स्थानिक संस्थांच्या, ३० विधानसभा सदस्यांनी निवडायच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. विधान परिषद साधे विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना थांबवू शकते, तर अर्थविधेयक १४ दिवस. हे साम्य सगळेच योगायोगाचे नाही. भारतीय घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस परदेशी राज्यघटनांचा अभ्यास करायला निघाले, तेव्हा डब्लिनलाही गेले होते. राज्यसभेत १२ सदस्य नेमण्याची तरतूद आणि मार्गदर्शक तत्त्वे आपण आयर्लंडवरून घेतली, असे घटनेचे अभ्यासक सांगतात.

पंचविसाव्या वर्षी मिळालेली जागा

मेरी रॉबिन्सन, माहेरच्या मेरी बर्क, मेयो परगण्यातल्या बॅलिना गावच्या. आईवडील दोघेही डॉक्टर, घर कॅथलिक. १९६९ मध्ये ट्रिनिटीत कायद्याच्या प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी ट्रिनिटीच्या तीन जागांपैकी एका जागेवरून सिनेटमध्ये आल्या. वय होते २५.

पुढे १९७३, १९७७, १९८१, १९८२, १९८३ आणि १९८७ अशा आणखी सहा निवडणुका त्यांनी जिंकल्या. सातपैकी सात. याच काळात त्या मजूर पक्षात गेल्या आणि डॉलची निवडणूक दोनदा लढल्या, १९७७ आणि १९८१ मध्ये. दोन्ही वेळा हरल्या. सामान्य मतदारांसमोर दोनपैकी शून्य आणि पदवीधरांसमोर सातपैकी सात, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पदवीधरांची जागा नसती, तर आयर्लंडच्या संसदेत रॉबिन्सन हे नाव कदाचित आलेच नसते.

त्या जागेने त्यांना वेळ दिला आणि पक्षाविरुद्ध जाण्याची मोकळीकही. १९८५ च्या नोव्हेंबरात लंडन आणि डब्लिनच्या सरकारांनी उत्तर आयर्लंडविषयी करार केला. तिथल्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्यांना, विचारातच घेतले नाही, या आक्षेपावर रॉबिन्सन यांनी मजूर पक्ष सोडला. सिनेटची जागा मात्र टिकली. १९८७ ला त्या पुन्हा निवडून आल्या.

एक कायदा, बावीस वर्षे

आता मुख्य हिशेबाकडे वळू. १९७१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या २९ लाख ७८ हजार होती आणि तीत कॅथलिक ९३.९ टक्के. एका स्त्रीमागे सरासरी जवळपास चार मुले. १९३५ च्या फौजदारी कायद्याच्या १७ व्या कलमाने गर्भनिरोधकांची विक्री आणि विक्रीसाठीची आयात हा गुन्हा ठरवला होता. वापरणे मात्र गुन्हा नव्हता. ज्यांना परवडे, ते उत्तर आयर्लंडमधून किंवा इंग्लंडमधून आणत. काही डॉक्टर 'मासिक पाळी नियमित करण्यासाठी' म्हणून गोळ्या लिहून देत.

कायद्यातली ही फट २२ मे १९७१ रोजी सत्तेचाळीसेक स्त्रियांनी चव्हाट्यावर आणली. डब्लिनच्या कॉनली स्थानकावरून आगगाडीने त्या बेलफास्टला गेल्या आणि तिथे गर्भनिरोधके विकत घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतल्या. गोळ्यांना तिथेही डॉक्टरची चिठ्ठी लागते, हे त्यांना दुकानात गेल्यावर कळले. मग त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या आणि परतल्यावर जकात अधिकाऱ्यांपुढे त्याच गर्भनिरोधक म्हणून नाचवल्या. अधिकाऱ्यांची पंचाईत झाली. अटक करावी तर तमाशा, सोडावे तर कायदा फोल. त्यांनी सोडून दिले.

रॉबिन्सन यांचे विधेयक याच काही महिन्यांतले. ते पटलावर येण्यापूर्वीच मार्चमध्ये डब्लिनचे आर्चबिशप मॅकक्वेड यांचे पत्र चर्चमधून वाचून दाखवले गेले होते. असा कायदा देशाला शाप ठरेल, असा त्याचा सूर. रॉबिन्सन यांच्या घरी टपालाने शिव्याशाप येऊ लागले. काही पाकिटांत बागकामाच्या रबरी हातमोज्यांची कापलेली बोटे निघत, कंडोम म्हणून खिजवायला. पती निक यांनी ती पत्रे जाळून टाकली. ती जपून ठेवायला हवी होती, असे पुढे रॉबिन्सन यांना वाटले. निक प्रॉटेस्टंट म्हणून रॉबिन्सन यांच्या आईवडिलांनी १९७० च्या डिसेंबरातल्या लग्नाला जाणे टाळले होते. आता बॅलिनाच्या चर्चमधूनही लेकीचा उद्धार झाला आणि तो ऐकायची पाळी त्याच आईवडिलांवर आली.

त्यानंतरची नोंद तारखांनीच वाचावी.

१९७३. रॉबिन्सन यांनी नोव्हेंबरात दुसरे विधेयक आणले. या वेळी पहिले वाचन झाले, मसुदा छापला गेला आणि पुढच्या वर्षी सभागृहात त्यावर बोलणेही झाले. दोन वर्षांत मिळवलेली प्रगती एवढीच. मात्र त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मॅकगी खटल्यात ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. चार मुलांच्या एका आईला पुन्हा गरोदर राहणे जिवावर बेतू शकत होते. तिने इंग्लंडहून मागवलेले गर्भनिरोधक जेल जकात खात्याने जप्त केले होते. न्यायालयाने वैवाहिक जीवनातील खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि आयातीवरची बंदी घटनाबाह्य ठरवली.

१९७४. आता सरकारलाच कायदा करणे भाग पडले. १६ जुलैला डॉलमध्ये सरकारी विधेयक ६१ विरुद्ध ७५ मतांनी पडले. विरोधात मत देणाऱ्यांत खुद्द पंतप्रधान लिअम कॉसग्रेव्ह होते. आपल्याच सरकारचे विधेयक त्यांनी पाडले.

१९७९. आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही यांनी कायदा आणला. गर्भनिरोधके मिळतील, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि तीही 'खऱ्याखुऱ्या' कुटुंबनियोजनासाठी. कंडोमलाही चिठ्ठी. हॉही यांनी याला आयरिश प्रश्नाचे आयरिश उत्तर म्हटले. हा शब्दप्रयोग तिथल्या राजकीय बोलीत आजवर टिकून आहे, चेष्टेच्या सुरात. रॉबिन्सन यांनी या कायद्यावरही टीका केली. पहिल्या विधेयकापासून ८ वर्षे.

१९८५. अठरा वर्षांवरील कुणालाही चिठ्ठीशिवाय कंडोम. डॉलमध्ये ८३ विरुद्ध ८०. पक्षाच्या विरोधी भूमिकेला साथ न देता तटस्थ राहिलेल्या डेस ओ'मॅली यांना विरोधी पक्षाने आठवड्याभरात काढून टाकले. १४ वर्षे.

१९९१. डब्लिनमधल्या एका संगीताच्या दुकानात कंडोम विकल्याबद्दल कुटुंबनियोजन संघटनेला झालेला ४०० पौंडांचा दंड अपिलात कमी व्हायच्या ऐवजी ५०० पौंड झाला. तो यू-टू या रॉक बँडने भरला. २० वर्षे.

१९९३. निर्बंध उठले. कंडोम यंत्रातूनही मिळू लागले. २२ वर्षे.

या यादीशेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. १९७१ मध्ये एका स्त्रीमागे जवळपास चार असलेले मुलांचे प्रमाण १९९३ पर्यंत दोनच्या आसपास आले होते. म्हणजे लोकांनी आपले वागणे कायद्याची वाट न पाहता बदलले. संसदेने १९९३ ला परवानगी दिली, ती घरोघरी आधीच चालू असलेल्या गोष्टीला. १९७१ चे विधेयक काळाच्या पुढे होते असे म्हणण्याची पद्धत आहे. आकडे वेगळे सांगतात : विधेयक काळाबरोबर होते, मागे होते सभागृह.

दुसरा दरवाजा

रॉबिन्सन वकील होत्या आणि सभागृहात बंद झालेला दरवाजा त्या न्यायालयात ठोठावत. आयर्लंडमध्ये १९२७ च्या कायद्याने स्त्रियांना, स्वतःहून अर्ज केल्याखेरीज, ज्युरीतून वगळले होते. त्याविरुद्धच्या खटल्यात त्या वकील होत्या. १९७६ ला नवा ज्युरी कायदा झाला आणि हे वगळणे संपले. नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त होण्यासाठी वकिलाचे पैसे नसलेल्या एका स्त्रीचे प्रकरण त्यांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेले. ९ ऑक्टोबर १९७९ ला निकाल तिच्या बाजूने लागला आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये दिवाणी प्रकरणांसाठी सरकारी कायदेविषयक मदत सुरू झाली.

सभागृह आणि न्यायालय यांची सांगड सगळ्यांत स्पष्ट दिसते ती डेव्हिड नॉरिस यांच्या प्रकरणात. ट्रिनिटीत इंग्रजी शिकवणाऱ्या नॉरिस यांनी पुरुषांमधील समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या व्हिक्टोरियन कायद्यांना १९७७ मध्ये आव्हान दिले. त्यांची बाजू रॉबिन्सन मांडत होत्या. १९८३ ला सर्वोच्च न्यायालयात ते २ विरुद्ध ३ असे हरले. ऑक्टोबर १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला ८ विरुद्ध ६ असे जिंकले. दरम्यान १९८७ ला नॉरिस स्वतः ट्रिनिटीच्याच जागेवरून सिनेटर झाले. ज्या देशाच्या कायद्याने ते गुन्हेगार ठरू शकत होते, त्याच देशाच्या कायदेमंडळात त्यांनी अशी सहा वर्षे काढली. कायदा बदलला १९९३ मध्ये. आव्हान दिल्यापासून १६ वर्षे. नॉरिस २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाले तेव्हा त्यांची सिनेटमधली सलग ३६ वर्षे पूर्ण झाली होती. इतका काळ त्या सभागृहात आणखी कुणी बसलेले नाही.

१९८३ चे उदाहरण उलट दिशेचे. घटनेत आठवी दुरुस्ती करून न जन्मलेल्या जिवाच्या हक्काला आईच्या हक्काइतकेच संरक्षण द्यायचा प्रस्ताव आला. रॉबिन्सन यांनी सिनेटमध्ये विरोध केला. सप्टेंबरातल्या सार्वमतात ६६.९ टक्क्यांनी दुरुस्ती मंजूर झाली. २५ मे २०१८ ला तीच दुरुस्ती रद्द करायचा प्रश्न पुन्हा लोकांसमोर आला. रद्द करण्याच्या बाजूने ६६.४ टक्के. पस्तीस वर्षांत देश जवळपास तेवढ्याच फरकाने विरुद्ध टोकाला गेला. त्या वेळी पंतप्रधान होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाते सांगणाऱ्या घराण्यातले, पेशाने डॉक्टर आणि उघडपणे समलैंगिक. रॉबिन्सन आणि नॉरिस ज्या दोन प्रश्नांवर हरत आले होते, त्या दोन्हींची बदललेली बाजू या एका माणसात दिसत होती.

येट्स यांची सत्तर वर्षे

सिनेटरने आधी मांडायचे आणि देशाने मागून यायचे, ही परंपरा रॉबिन्सन यांच्याही आधीची. स्वतंत्र आयर्लंडचे पहिले सिनेट १९२२ मध्ये भरले, तेव्हा कवी डब्ल्यू. बी. येट्स नियुक्त सदस्य होते. त्यांच्या सहा वर्षांच्या कामातली सगळ्यांना दिसलेली गोष्ट म्हणजे नाणी. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राजा-राणीचे चेहरे आणि धार्मिक चिन्हे टाळून पशुपक्ष्यांची आठ नाणी निवडली : घोडा, सामन मासा, बैल, शिकारी कुत्रा, ससा, पिलांसह कोंबडी, पिलांसह डुकरीण आणि वुडकॉक पक्षी. १९२८ ला ती चलनात आली. समिती १९२६ ची, म्हणजे विलंब दोनच वर्षांचा. पैशाचे काम लवकर झाले.

विचाराचे काम रेंगाळले. ११ जून १९२५ ला येट्स घटस्फोटबंदीविरुद्ध बोलले. अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांवर बहुसंख्यांचा धर्म लादू नका, नाहीतर उत्तर आयर्लंड कधीच तुमच्याजवळ येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. भाषणाने सभागृह दुखावले. १९३७ च्या घटनेत घटस्फोटबंदी पक्की झाली. १९८६ च्या सार्वमतात ६३.५ टक्के लोकांनी ती कायम ठेवली. २४ नोव्हेंबर १९९५ ला बंदी उठवण्याच्या बाजूने ८,१८,८४२ मते पडली आणि विरोधात ८,०९,७२८. फरक ९,११४ मतांचा, सत्तर वर्षांनंतर. २०१९ ला अटी आणखी सैल करण्याच्या बाजूने ८२ टक्के लोक गेले, तेव्हा वादात दम उरला नव्हता.

येट्स यांना मराठीशी जोडणारा धागा सिनेट सोडल्यानंतरचा आहे. बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहित स्वामींसोबत त्यांनी दहा प्रमुख उपनिषदे इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९३७ चे, म्हणजे घटस्फोटबंदी ज्या घटनेत गेली तिच्याच वर्षीचे.

सरासरी ३१, मध्यक २२

आता सगळे अंतर एका रांगेत मांडू.

- अनौरस संततीचे हक्क : रॉबिन्सन यांचे विधेयक १९७४, कायदा १९८७. १३ वर्षे.
- समलैंगिक संबंध : आव्हान १९७७, कायदा १९९३. १६ वर्षे.
- गर्भनिरोधके : विधेयक १९७१, निर्बंध उठले १९९३. २२ वर्षे.
- आठवी दुरुस्ती : विरोध १९८३, रद्द २०१८. ३५ वर्षे.
- घटस्फोट : भाषण १९२५, सार्वमत १९९५. ७० वर्षे.

सरासरी ३१ वर्षे, मध्यक २२. सिनेटला कायदा ९० दिवस अडवता येतो. देशाने सिनेटरांच्या या मुद्द्यांना मध्यकाच्या हिशेबाने आठ हजार दिवस अडवले.

हा आकडा आकर्षक आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा. पहिली अडचण निवडीची. या यादीत तेच मुद्दे आहेत जे शेवटी जिंकले. जे सिनेटर बोलले आणि ज्यांचे म्हणणे कधीच कायद्यात आले नाही, ते अशा यादीत येऊच शकत नाहीत. दुसरी अडचण श्रेयाची. १९७९ चा कायदा रॉबिन्सन यांच्या भाषणामुळे आला नाही. तो मॅकगी निकालामुळे आला. १९९३ च्या बदलांमागे स्ट्रासबर्गचा निकाल होता, एड्सची भीती होती, स्त्रियांची आणि समलैंगिकांची संघटित चळवळ होती आणि १९७३ पासूनचे युरोपीय समुदायाचे सदस्यत्व होते. सिनेटर बोलला आणि कायदा झाला, अशी सरळ रेघ यातल्या एकाही ओळीत ओढता येत नाही.

तिसरी गोष्ट सभागृहाच्या बाजूने सांगायची. विलंब नेहमी प्रतिगामीच असतो असे नाही. १९५९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मतदान पद्धत रद्द करण्याचे सरकारी विधेयक सिनेटने एका मताने फेटाळले. डॉलने ते पुढे रेटले. सार्वमतात लोकांनी ५१.८ टक्क्यांनी ते नाकारले. तिथे सिनेट लोकांच्या बरोबर होते आणि डॉल चुकीच्या बाजूला.

मग अंतराच्या आकड्यांतून काय उरते? एवढेच, की कुणीतरी पहिली तारीख लिहावी लागते. १९७१ चे विधेयक छापलेदेखील गेले नाही, तरी मतविभागणीच्या नोंदीत २५ आणि १४ नावे कायमची राहिली. त्यानंतर हा प्रश्न 'आपल्याकडे नाहीच' असे कुणाला म्हणता आले नाही. न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा पर्याय म्हणून ठेवायला मसुदा तयार होता. निर्णय घेणारे डॉलमध्ये बसत, पण घड्याळाला चावी दिली होती सिनेटने.

४२,५०० मतांनी वाचलेले सभागृह

असे सभागृह हवे कशाला, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. पंतप्रधान एन्डा केनी यांनी सिनेटच मोडीत काढायचा प्रस्ताव आणला. वर्षाला २ कोटी युरो वाचतील, राजकारणी कमी होतील, असा प्रचार झाला. ४ ऑक्टोबर २०१३ च्या सार्वमतात मोडीत काढण्याच्या बाजूने ५,९१,९३७ मते पडली आणि विरोधात ६,३४,४३७. फरक नेमका ४२,५००. मतदान ३९ टक्के. म्हणजे दहापैकी सहा मतदारांना सिनेट राहिले काय आणि गेले काय, सारखेच होते.

लोकांनी ते ठेवले, पण सुधारले जाईल या आशेने. सुधारणेचा वेगही मग याच मोजपट्टीने मोजावा. विद्यापीठांच्या सहा जागा इतर उच्च शिक्षणसंस्थांच्या पदवीधरांनाही खुल्या करण्याची घटनादुरुस्ती १९७९ मध्ये ९२.४ टक्क्यांनी मंजूर झाली होती. ती अमलात आणणारा कायदा चार दशके झालाच नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये कायदा आला. पंचेचाळीस वर्षे. इथे विरोध करणारा आर्चबिशप नव्हता की घाबरलेला पक्ष नव्हता. लोकांनी हो म्हटले होते. फक्त कुणाला घाई नव्हती.

पाच ते सात दिवस

रॉबिन्सन यांनी १९८९ मध्ये सिनेट सोडले आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. पहिल्या पसंतीच्या मोजणीत त्या मागे होत्या : ब्रायन लेनिहन ६,९४,४८४, रॉबिन्सन ६,१२,२६५, ऑस्टिन करी २,६७,९०२. करी बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. त्यातली २,०५,५६५ मते, म्हणजे चारांतली तीन, रॉबिन्सन यांच्याकडे गेली. अंतिम आकडा ८,१७,८३० विरुद्ध ७,३१,२७३. डॉलच्या दोन निवडणुकांत ज्यांना एकाही मतदारसंघाने स्वीकारले नव्हते, त्यांना आता सगळ्या देशाने निवडले, आणि तेही दुसऱ्या पसंतीच्या बळावर. सिनेटमधल्या वीस वर्षांत त्या बहुतेकांच्या पहिल्या पसंतीच्या नव्हत्या, पण 'हिचेही म्हणणे ऐकले पाहिजे' असे वाटणाऱ्यांची संख्या दरम्यान वाढली होती.

आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांना धोरणावर बोलता येत नाही. विधेयक आले की सही करायची, किंवा घटनेत बसते का हे तपासायला ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचे. सहीसाठीही घटनेने मुदत घालून दिली आहे : विधेयक हाती आल्यापासून पाचव्या दिवसाच्या आधी नाही आणि सातव्या दिवसाच्या नंतर नाही.

१९९३ च्या उन्हाळ्यात दोन विधेयके राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर आली. जूनमध्ये कंडोमवरचे निर्बंध उठवणारे आणि जुलैत समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढणारे. पहिल्यातली मागणी त्यांनी स्वतः बावीस वर्षांपूर्वी सिनेटमध्ये मांडली होती. दुसऱ्यातली त्यांनी वकील म्हणून स्ट्रासबर्गला लढवली होती. त्यांनी दोन्हींवर सही केली. भाषण केले नाही; त्या पदावर तशी सोय नाही. १४ विरुद्ध २५ ची नोंद इतिवृत्तात आहे तशीच आहे, पण तिच्यापुढचा कोरा राहिलेला मसुद्याचा रकाना त्या दिवसांत दुसऱ्या एका वहीत भरला गेला.